आकड्याला जबाबदार कोण?

या मालिकेत आपण बहुतेक वेळा मोहिमा, किल्ले आणि तह यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय कॅन्सरच्या रुग्णालयातल्या, जाडजूड काँक्रीटच्या भिंतींआड असलेल्या खोलीतला आहे. तिथे किरणोपचार देतात. आपल्याकडे लोक त्याला ‘शेक’ म्हणतात, कुणी ‘लाईट’ म्हणतात. त्या विभागात एक माणूस असतो, जो डॉक्टर नाही, मशीन चालवणारा टेक्नॉलॉजिस्टही नाही. त्याने फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलेलं असतं आणि पेशंटला त्याचं नावही बहुधा ठाऊक नसतं. तो मेडिकल फिजिसिस्ट. आपली मुलगी किंवा मुलगा फिजिक्सची पदवी घेऊन ‘आता पुढे काय’ या प्रश्नाशी येऊन थांबला असेल, तर हा इतिहास ऐकण्यासारखा आहे. नुसती मशीनं आली म्हणून हा पेशा जन्माला आला नाही. मशीनमधून निघणाऱ्या आकड्याला कोणीतरी जबाबदार असावं लागतं, हे माणसं भाजल्यावर आणि मेल्यावर कळलं, म्हणून तो आला.

सुरुवात माझ्या ओळखीच्या मुलखातून करतो. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत रॉंटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला. दोन वर्षं होतात न होतात तोच, १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, सर्जन-मेजर वॉल्टर बीव्हर हा ब्रिटिश लष्करी डॉक्टर क्ष-किरणांचं यंत्र घेऊन वायव्य सरहद्दीच्या डोंगरात पोहोचला. आफ्रिदींच्या गोळ्या जवानांच्या शरीरात नेमक्या कुठे अडकल्या आहेत, हे तो फोटो काढून शोधत होता. एका जनरलच्या पायातली गोळीही त्याने अशीच शोधली. त्या काळात काचेची नळी, बॅटरी आणि कॉइल अशा डोंगरवाटांनी शाबूत पोहोचवणं म्हणजे काय, हे ज्याने पहाडात रसद चढवली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

पण त्या यंत्रातून किती किरण निघतात, हे मोजण्याची सोय बीव्हरकडे नव्हती. कोणाकडेच नव्हती. पुढची कित्येक वर्षं डॉक्टर कातडी किती लाल होते त्यावरून डोस ठरवत. नळी चालते का, हे बघायला स्वतःचाच हात मध्ये धरत. बोटं गेली, मग हात गेले, मग जीव गेले. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात अशा लोकांचं स्मारक १९३६ मध्ये उभं राहिलं, त्यावर सुरुवातीला १६९ नावं कोरली होती. किरण मोजण्याचं ‘रॉंटगेन’ हे सर्वमान्य एककसुद्धा १९२८ साली स्टॉकहोमच्या परिषदेत ठरलं. म्हणजे शोध आणि मोजमाप यांच्यामध्ये तेहतीस वर्षं गेली. तोफा आधी आणि पल्ल्याचे तक्ते नंतर, असला हा प्रकार.

मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं आणि मारी क्युरी मोटारीत क्ष-किरणांचं यंत्र घालून आघाडीवर गेली. ती गोष्ट बहुतेकांना माहीत असते. तिने सुमारे १५० बायकांना हे यंत्र चालवायला शिकवलं, ही गोष्ट कमी लोकांना माहीत असते. वीज, किरण, शरीररचना, फोटोची प्लेट, सगळं थोड्या आठवड्यांत. भौतिकशास्त्र शिकवून माणूस इस्पितळाच्या कामाला लावण्याचा तो आरंभीचा अभ्यासक्रम म्हणायला हरकत नाही.

त्याच पॅरिसमध्ये, क्युरींच्या प्रयोगशाळेत शिकलेला एक भारतीय आपल्याकडे परतला. डॉ. रामय्या नायडू. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं, आणि तिथल्या भौतिकशास्त्राचा कारभार नायडूंनी उभा केला. त्यांनी तिथे रेडॉनचं संयंत्र चालवलं. रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू सतत तयार होत असतो. तो काढून बारीक नळ्यांत बंद करायचा आणि त्या नळ्या गाठीत बसवायच्या. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं, पण रेडॉनचं जेमतेम ३.८ दिवसांचं. म्हणजे सोमवारी भरलेल्या नळीचा जोर शुक्रवारी निम्म्यावर आलेला असतो. कोणती नळी, कोणत्या दिवशी, किती तास, हा हिशेब पक्का ठेवणारा माणूस नसेल तर सर्जनचं कौशल्य फुकट. भारतातल्या मेडिकल फिजिसिस्टांची संघटना आजही नायडूंच्या नावाने व्याख्यान ठेवते.

१९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० ची मशीनं आली आणि चित्र पालटलं. सस्कॅटूनला हॅरॉल्ड जॉन्स या फिजिसिस्टने त्यातलं एक उभं केलं. कोबाल्ट स्वस्त, दणकट आणि साधं. अणुभट्टीत तयार होतं, त्यामुळे आपल्यासारख्या देशाला परवडण्याजोगं. पण ही मशीनं गावोगावी गेली तर ती मोजणार कोण? एक नायडू पुरणार नव्हते. म्हणून १९६२ साली तुर्भ्याच्या अणुशक्ती संस्थेत, म्हणजे पुढे जिला भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणू लागले तिथे, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. एम.एस्सी. फिजिक्स झालेल्यांसाठी. माझ्या मते देशात तेव्हा घेतलेल्या शहाण्या निर्णयांपैकी हा एक. मशीन विकत घेण्याआधी ते सांभाळणारी माणसं तयार करायची, हे आपल्याकडे दरवेळी घडत नाही.

आता दोन अपघात सांगतो. दोन्ही अमेरिकेतले.

पहिला १९७४ ते ७६ मधला, ओहायो राज्यातल्या एका रुग्णालयातला. कोबाल्टचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे त्याचा जोर दर महिन्याला साधारण एक टक्क्याने घटतो. घट वक्ररेषेने होते, सरळ रेषेने नाही. तिथे घटीचा आलेख पुढे वाढवताना चुकला. कागदावर स्रोत दुबळा दिसू लागला, प्रत्यक्षात तो तेवढा दुबळा नव्हता. म्हणून प्रत्येक पेशंटला जास्त वेळ शेक मिळत गेला. आणि सुमारे बावीस महिने त्या मशीनचं उत्पादन प्रत्यक्ष कोणी मोजलंच नाही. ४२६ पेशंटना जादा डोस गेला, शेवटी शेवटी ४० टक्क्यांहून अधिक. तिथे फिजिसिस्ट होता. मोजण्याचं उपकरणही होतं. ते महिन्यातून एकदा मशीनखाली ठेवायचं, एवढंच राहिलं. फौजेत ज्याने रायफलचं झिरोइंग केलं आहे, त्याच्या पोटात हे ऐकून खड्डा पडेल.

दुसरा १९८६ चा, टेक्सासमधल्या टायलर गावचा. मशीन थेरॅक-२५, संगणकावर चालणारं. २१ मार्चला ऑपरेटरने चुकून एक अक्षर दाबलं, झटकन मागे जाऊन दुरुस्त केलं आणि बीम सुरू केला. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ उमटलं. आत पेशंटला विजेचा झटका बसल्यासारखं झालं. द्यायचे होते १८० रॅड, मिळाले अंदाजे १६,५०० ते २५,००० रॅड, तेही क्षणभरात. कंपनीच्या इंजिनिअरांनी तपासलं, त्यांना दोष सापडला नाही, मशीन पुन्हा सुरू झालं. ११ एप्रिलला दुसऱ्या पेशंटचं तेच झालं. दोघेही वाचले नाहीत.

तेव्हा तिथले फिजिसिस्ट फ्रिट्झ हेगर यांनी मशीन बंद केलं आणि ऑपरेटरला शेजारी बसवून तोच क्रम पुन्हापुन्हा टाइप करायला घेतला. अखेर गुपित उघड झालं. दुरुस्ती हळू केली तर काही होत नव्हतं. सरावलेल्या हाताने आठ सेकंदांच्या आत केली, की आतलं प्रोग्रॅमिंग गोंधळत होतं आणि बीम अडथळ्याविना थेट सुटत होता. इंजिनिअर सावकाश टाइप करत होते, म्हणून त्यांना ते दिसलं नाही. हेगर यांनी हे कंपनीला करून दाखवलं. कारखान्याचा माणूस ‘सगळं ठीक आहे’ म्हणत असताना ते मान्य न करणं, हेच त्यांचं काम होतं.

आपल्याकडे आता ही जबाबदारी कायद्याने बांधलेली आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालं. किरणोपचाराचं केंद्र चालवायचं तर पात्र मेडिकल फिजिसिस्ट आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर असावाच लागतो. वाट अशी: बी.एस्सी. आणि एम.एस्सी. फिजिक्स, मग तुर्भ्याची किंवा मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदविका. नाहीतर थेट मेडिकल फिजिक्समध्ये एम.एस्सी., जी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठासारख्या ठिकाणी होते. त्यानंतर सुसज्ज किरणोपचार विभागात वर्षभराची इंटर्नशिप. मग सेफ्टी ऑफिसरची परीक्षा. नुसत्या पदवीवर कोणी मशीनला हात लावू देत नाही, आणि ते योग्यच आहे. प्रवेश घेण्याआधी एक चौकशी अवश्य करा: त्या अभ्यासक्रमाला नियामक मंडळाची मान्यता आहे का, आणि इंटर्नशिपची जागा संस्था मिळवून देते की तुम्हाला दारोदार फिरावं लागतं. आकर्षक माहितीपुस्तक छापणारे सगळेच हे स्पष्ट सांगत नाहीत.

कामाचं स्वरूपही सांगून ठेवतो. सकाळी पहिला पेशंट येण्याआधी मशीन तपासायचं. डॉक्टर सांगतात गाठीला इतका डोस हवा. तो तिथे पोहोचेल, पण शेजारच्या मज्जारज्जूला किंवा फुप्फुसाला झेपेल तेवढाच जाईल, अशी योजना संगणकावर बसवायची, आणि संध्याकाळी पेशंट गेल्यावर ती प्रत्यक्ष मोजून बघायची. छातीवर टीएलडी बॅज असतो. तो ठरावीक मुदतीने वाचायला पाठवतात. कामगाराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. आया काळजीने विचारतात, ‘रेडिएशनमध्ये काम म्हणजे मुलीला धोका नाही ना?’ नियम पाळणाऱ्या विभागात बॅजवरचा आकडा या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहतो. न पाळणाऱ्या विभागात नोकरी धरू नये.

आणि या मोजणाऱ्याला तपासणाराही असतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून टपालाने छोटे डोसमापक रुग्णालयांना पाठवतात. भाभा अणुसंशोधन केंद्रही आपल्या रुग्णालयांसाठी असंच करतं. आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कुपीत २०१७ पर्यंत एक पूड असे, जी पडलेले किरण लक्षात ठेवत असे. फिजिसिस्टने आपल्या मशीनखाली ती ठेवायची, आपल्या हिशेबाने बरोबर २ ग्रे डोस द्यायचा आणि परत पाठवायची. तिकडे पूड तापवत, तिच्यातून निघणारा उजेड मोजत आणि खरा डोस किती पडला ते काढत. फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर रुग्णालयाला तसं कळवलं जातं. जास्त असेल तर विचारणा येते आणि पुन्हा मोजायला दुसरा डोसमापक येतो.