‘तृष्णा’ आणि ‘म्हादेई’ : दोन शिडनौकांचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :

मराठ्यांच्या सागरी इतिहासाचे लेखन बहुधा शिवकाल आणि आंग्रेकाल यांच्यापाशी येऊन थांबते. करवीर संस्थानाच्या बाबतीत ते १८१२ च्या तहापर्यंत पोहोचते. त्या तहाने मालवण बंदर व सिंधुदुर्ग इंग्रजांकडे गेले आणि कोल्हापूरचा समुद्राशी असलेला राजकीय संबंध संपुष्टात आला. त्यानंतरच्या, विशेषतः स्वातंत्र्योत्तर काळातील शिडाच्या नौकानयनाकडे इतिहासाच्या अभ्यासकांनी क्रीडाप्रकार म्हणून पाहिले आणि ते बाजूस ठेवले. प्रस्तुत लेखात पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या दोन भारतीय शिडनौकांची तुलना केली आहे. दोहोंत फायबरग्लासचा वापर आहे. परंतु एक परदेशात बांधलेली व जुनी विकत घेतलेली, तर दुसरी मांडवीच्या काठी घडविलेली.

दोन नौकांची घडण :

‘तृष्णा’ ही ‘स्वान ३७’ या जातीची नौका. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या फिनलंडमधील ‘नॉटॉर’ या कारखान्याने अमेरिकेतील ‘स्पार्कमन अँड स्टीफन्स’ या आराखडाकारांच्या नकाशांवरून साच्यातून फायबरग्लासच्या नौका काढण्यास आरंभ केला, तेव्हा मोठी शिडनौका लाकडाचीच असावी असा युरोपातही समज होता. भारतीय भूसेनेच्या अभियंता दलाने अशी एक वापरलेली नौका इंग्लंडमध्ये मिळविली. लांबी सुमारे ३७ फूट. २८ सप्टेंबर १९८५ रोजी ती मुंबईहून निघाली आणि १० जानेवारी १९८७ रोजी सुमारे ३० हजार सागरी मैलांचा प्रवास करून परतली. शिडाच्या नौकेतून भारतीयांनी केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय.

‘म्हादेई’ची कथा निराळी आहे. तिच्या मुळाशी व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचे स्वप्न होते. १९७१ च्या युद्धात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळविलेले आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी राहत. समुद्रापासून इतक्या दूर, माणदेशाच्या वेशीवर बसून त्यांनी ‘सागर परिक्रमा’ प्रकल्पाचा पाठपुरावा केला, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. भारतीयाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने प्रदक्षिणा करावी, असा त्यांचा आग्रह होता. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००६ मध्ये ही जबाबदारी स्वीकारली. नौका बांधण्याचे काम गोव्यातील दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या ‘ॲक्वारियस’ या कारखान्याकडे आले. या कारखान्यास फायबरग्लासचा परिचय होता. महासागरी शिडनौकेचा मात्र नव्हता. आराखडा हॉलंडमधील व्हॅन द स्टाड्ट यांचा, लांबी ५६ फूट, डोलकाठी सुमारे २५ मीटर उंच. मांडवीच्याच मूळ नावावरून नाव मिळालेली ही नौका फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली.

नौकेच्या अंगाचा फरक येथे महत्त्वाचा ठरतो. ‘तृष्णा’चे अंग म्हणजे राळेत भिजविलेल्या काचतंतूंचे एकावर एक दिलेले जाड थर. अशा जुन्या अंगात वर्षानुवर्षांच्या वापराने पाणी मुरते व पृष्ठभागावर फोड येतात. ते त्रासदायक असले तरी सहसा घातक नसतात. ‘म्हादेई’चा गाभा लाकडी पट्ट्यांचा असून त्याच्या दोन्ही अंगांस काचतंतूंचे आवरण आहे. त्यामुळे ती आकाराच्या मानाने हलकी व ताठ राहते. परंतु आवरण भेदून पाणी आत गेल्यास लाकूड कुजण्याचा धोका असतो. शिवाय साचा महाग असतो व अनेक नौका काढल्या तरच परवडतो. एकच नौका बांधावयाची असता लाकडी पट्ट्यांची पद्धत योग्य, आणि ती सुताराच्या हातांना जवळची आहे. गोव्यात हे काम होऊ शकले, याचे एक कारण त्यातच शोधावे लागते.

शर्यत आणि वास्तव्य :

शिडनौकेचा कमाल वेग स्थूलमानाने पाणरेषेवरील लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वेगात ५६ फुटी नौका सरस ठरणारच. दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली व केपटाउन असे चारच मुक्काम करीत १९ मे २०१० रोजी परतले. ‘तृष्णा’स त्याहून सहा महिने अधिक लागले. परंतु केवळ दिवस मोजून निर्णय देणे अन्यायाचे होईल, कारण मार्ग व मुक्काम भिन्न होते. स्वानच्या या पिढीतील नौका शर्यत आणि प्रवास या दोहोंसाठी आखलेल्या होत्या. ‘म्हादेई’ शर्यतीसाठी आखलेली नव्हती. तरीही ती २०११ व २०१४ मध्ये केपटाउन ते रिओ या शर्यतीत उतरली.

वास्तव्याचा प्रश्न आला की चित्र पालटते. ‘तृष्णा’चा चमू दहा जणांचा होता व एका वेळी सहा जण नौकेवर असत. सरळ भागाकार केला तर प्रत्येकाच्या वाट्यास नौकेची सहा फूट लांबी येते. म्हणजे झोपेपुरतीच जागा, आणि तीही ओलसर. ‘म्हादेई’वर ५६ फूट एका माणसास होते. ही चैन मात्र नव्हे. थकलेल्या सहा जणांना पहारा वाटून घेता येतो. एकट्याला एवढे मोठे शीड उतरविण्यासाठी उठावेच लागते. लेफ्टनंट कमांडर अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात कोठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली, तेव्हा तर बंदरातील विश्रांतीही नव्हती.

‘म्हादेई’चा आराखडा परदेशी होता, म्हणून ती ‘तृष्णा’इतकीच परकी, असा आक्षेप घेता येईल. तो टिकत नाही. आराखडा विकत मिळतो. तो वाचून नौका उभी करणारे हात घडवावे लागतात. त्याच कारखान्याने पुढे बांधलेली ‘तारिणी’ २०१७ मध्ये नौदलात आली. तिच्यातून सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघून २१ मे २०१८ रोजी प्रदक्षिणा पूर्ण केली.