चैत्यकमान : एका अनुकरणाचा इतिहास

वस्तीतील विहाराच्या दर्शनी भागावर सिमेंटची नालाकृती कमान उभी राहिली, की 'ही लेण्यांची नक्कल' असे म्हणणारे विद्वान भेटतात. आमचे म्हणणे असे, की लेणी तरी कशाची नक्कल होती, हे आधी पाहावे.

भाजे येथील चैत्यगृह इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील. त्याचे खांब आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छपराचा रेटा बाहेर येतो, म्हणून खांब तसे उभारावे लागत. अखंड कातळात असा रेटा नसतो. तरीही पाथरवटाने ते कलतेच कोरले. छताला तर खऱ्या लाकडी फासळ्या बसविल्या, ज्या कसलाही भार पेलत नाहीत. पालीत यांना 'गोपानसी' म्हणतात. सर्व गोपानसी जशा कूटाकडे जातात, ही उपमा सुत्तांत येते. वार्धक्याने वाकलेल्या देहालाही गोपानसीचीच उपमा दिलेली आहे. श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर ती लाकडी घरे होती. आज ती उरली नाहीत. भाजे पाहिल्यावाचून विद्यार्थ्यांना ही उपमा उमगत नाही, असा आमचा अनुभव आहे.

ही कमान एकट्या बौद्धांची नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. बिहारमधील बराबर टेकड्यांत लोमस ऋषी गुहेच्या दारावर ती कोरलेली आहे, आणि तेथील शेजारच्या गुहा अशोकाने आजीविकांना दिल्या होत्या.

पुढे कार्ल्यास खांब सरळ झाले. फासळ्या मात्र लाकडीच राहिल्या. अजिंठ्याच्या 19 व 26 क्रमांकांच्या लेण्यांत, पाचव्या शतकात, त्याही दगडाच्या झाल्या. वेरूळच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात दर्शनी महाकमान आटून लहान गवाक्ष उरले, आणि महाबलीपुरमच्या रथांवर तर तिच्या ओळीच ओळी निव्वळ नक्षी म्हणून आल्या. मूळ प्रयोजन विसरले गेले, म्हणूनच आकाराला इतके फिरता आले.

वेरूळच्या त्या लेण्याला लोक 'सुतार की झोपडी' म्हणत आले, आतील बुद्धमूर्तीला विश्वकर्मा. बुद्धाचा विसर पडला, हे दुःख आहेच. परंतु दगडातील सुतारकाम त्यांनी, कोणा पंडिताच्या मदतीवाचून, बरोबर ओळखले.

विहार-समित्यांना आमची एक सूचना आहे. कमान उभारण्यापूर्वी गवंड्याला एकदा भाजे दाखवून आणावे. मळवली स्थानकावरून लेणी पायी गाठता येतात.