कापसाचा हमीभाव आणि व्यापाराचे नियम : मानोरा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मानोरा हा वाशिम जिल्ह्यातील प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा तालुका. वऱ्हाडातील या भागाचे अर्थकारण दीर्घकाळ कापसावर उभे होते. शासनाने शेतमालाला संरक्षण द्यावे की बाजार मुक्त ठेवावा, या प्रश्नाचा प्रस्तुत निबंधात कापसाच्या अनुषंगाने विचार केला आहे.

नियंत्रित बाजार :
शेजारच्या कारंजा येथे १८८६ मध्ये भारतातील पहिली नियंत्रित बाजारपेठ अस्तित्वात आली. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजार कायदा झाला. इंग्लंडमधील गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी दराने मिळावा, हा त्यामागील मुख्य हेतू होता. उत्पादकाचे हित दुय्यम होते.

एकाधिकार खरेदी :
१९७१ च्या अधिनियमान्वये १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. भाव कोसळले तरी शेतकऱ्याला हमीदराने खरेदीदार मिळे, हा तिचा मोठा गुण. परंतु खाजगी व्यापाऱ्यास कापूस विकण्यास मनाई होती. शेजारील राज्यांत भाव चढला की कापूस चोरवाटेने बाहेर जाई आणि उतरला की बाहेरचा आत येई. साहजिकच तोटा वाढला, चुकारे रखडू लागले आणि २००२ मध्ये खाजगी खरेदीला मुभा द्यावी लागली.

जागतिक व्यापार :
१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. भारतीय शेतकऱ्याला प्रत्यक्षात ‘उणे सबसिडी’ मिळते, असे मांडून शरद जोशी यांनी खुल्या व्यापाराचे समर्थन केले. तथापि अमेरिकेने आपल्या कापूस उत्पादकांना भरघोस अनुदाने देणे चालू ठेवले. ब्राझीलच्या तक्रारीवरून २००५ मध्ये त्यांतील काही अनुदाने नियमबाह्य ठरली. पण वाद मिटण्यास २०१४ उजाडले. इकडे भारत शासनाने मार्च २०१२ मध्ये कापूस निर्यातीवर बंदी घातली व टीकेनंतर ती मागे घेतली. पुढे १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात ११ टक्के आयातशुल्क माफ केले. याच हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला होता.

निष्कर्ष :
संरक्षण व मुक्त व्यापार, दोन्हींचे लाभ खरे आहेत. मात्र वऱ्हाडातील उत्पादकाच्या वाट्याला दोन्ही अपुरेच आले. संरक्षणाच्या काळात त्याचा विक्रीचा मार्ग अडला, तर खुलेपणाच्या काळात परदेशी अनुदानांपुढे तो उघडा पडला. हमीभाव, प्रत्यक्ष खरेदी आणि आयात-निर्यात धोरण यांचा परस्परांशी मेळ असेल तरच हमीभावाला अर्थ राहतो. हा मेळ पेरणीपूर्वी जाहीर व्हावा, कारण बियाण्यावरील खर्च शेतकऱ्याने तेव्हाच केलेला असतो.