उसळत्या भुंगेऱ्याचे गोत्र

पाठीवर उलटा पडलेला भुंगेरा बहुधा पाय झाडीत तळमळत राहतो. परंतु भुंगेऱ्यांचे एक लांबट, चिवट कुल असे आहे, की त्यातील किडा क्षणभर अंग ताणतो आणि ‘टक्’ असा आवाज करून हवेत उसळतो. त्याच्या छातीखाली एक खुंटी असते व तिच्यामागे एक खाच. अडलेली खुंटी खाचेत एकाएकी सरकली, की साठलेला ताण मोकळा होतो.

स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली या किड्यांना ‘इलेटर’ हे नाव दिले. पुढे १८१५ मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ लीच याने त्यांचे स्वतंत्र कुल मानले आणि बेल्जियमच्या कांदेझ याने १८५७ ते १८६३ या काळात त्यांच्यावर चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. खुंटी आणि खाच ही या कुलाची ठळक खूण ठरली.

मग मऊ अंगाच्या काजव्यांचे व त्यांच्यासारख्या इतर किड्यांचे काय? क्राउसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५५ साली त्यांचे महाकुल वेगळे ठेवले. लॉरेन्स याने १९८८ मध्ये ही भिंत पाडून दोन्ही महाकुले एक केली. तरी कुलाकुलांतील सीमा शिल्लकच होत्या.

त्या सीमांना धक्का दिला तो ‘ड्रिलस’ या किड्याने. याच्या अळ्या गोगलगाई खातात. मादीला पंख नसतात आणि मोठी झाली तरी ती अळीसारखीच दिसते. तो उसळत नाही, म्हणून त्याची गणना काजव्यांच्या सोयऱ्यांत होई. परंतु २०११ साली कुंद्राता आणि बोचाक या चेक संशोधकांनी डीएनएची तुलना केली, तेव्हा तो उसळणाऱ्यांच्याच कुलातला निघाला. वाढ अर्ध्यावर थांबून अंग मऊ राहिले, की खुंटी-खाचेचे यंत्र चालणार कसे? पूर्वजांची ती ठेव या शाखेने गमावली होती.

प्रकाशाची गोष्ट नेमकी उलट आहे. अमेरिका खंडातील काही उसळते भुंगेरे काजव्यांप्रमाणे चमकतात. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचांच्या अभ्यासावरून दोघांनी हा दिवा स्वतंत्रपणे मिळविला, असे दिसते.

सारखा दिवा एका घरचा नव्हे आणि हरवलेली खुंटी परक्या घरची नव्हे. खुणेने नाव ठेवता येते. गोत्र मात्र वंशावळीनेच ठरते.