यवतमाळात बघायला काय आहे?

पुण्यात "मी यवतमाळचा" असं सांगितलं की साधारण तीन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. पहिली, "अच्छा, यवत! सोलापूर रोडवरचं ना?" दुसरी, "म्हणजे नागपूरच झालं की." आणि तिसरी, जरा आवाज खाली आणून, "ते शेतकरी आत्महत्यांचं...?" क्वचित एखादा भटका मित्र विचारतो, "तिकडे आलो तर बघायला काय आहे रे?" यावर कुठल्याही अस्सल यवतमाळकराचं उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही बे. टिपेश्वरला वाघ बघ अन् निघ."

मला हे उत्तर पटत नाही. आमच्याकडे अजिंठा-वेरूळ नाही, रायगड नाही, समुद्र तर नाहीच नाही, हे मान्य. पण यवतमाळ हे कापसाने वाढवलेलं गाव आहे आणि ती गोष्ट मनात ठेवून फिरलं, तर साध्या दिसणाऱ्या जागाही बोलायला लागतात. म्हणून हा आपला एक घरचा गाईड. दोन दिवस काढून या.

आधी नावाचं बघू

अकबराच्या काळच्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातल्या परगण्यांमध्ये 'योत-लोहारा' असं एक नाव सापडतं. 'योत' म्हणजे यवत किंवा यवता, आपल्या शहराचं जुनं नाव. 'माळ' हा शब्द 'महाल'वरून आला असं ब्रिटिश गॅझेटियर सांगतं. महाल म्हणजे परगणा. थोडक्यात, माळरानाशी या 'माळ'चा संबंध नाही (शाळेत आम्हाला उलटंच वाटायचं). आणि तेव्हा मोठं ठाणं होतं कळंब. यवत त्याच्या हाताखालचं. आज कळंब हा यवतमाळ जिल्ह्यातला एक तालुका आहे. काळाचा महिमा, दुसरं काय!

पहिला थांबा: लोहारा

जोडनावातला दुसरा भाग, लोहारा, आजही शहराच्या पश्चिमेला चार-पाच किलोमीटरवर आहे. आता लोक तो एमआयडीसीसाठी ओळखतात. तिथे कमळेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे. चुना न वापरता दगडावर दगड बसवायची ही पद्धत. शहरात केदारेश्वराचं देऊळ आहे, तेही त्याच परंपरेतलं. दोन्ही एका सकाळीत होतात.

पण लोहाऱ्याला जायचं खरं कारण जंगल. १९३० ला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. आता वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? मग इथल्या लोकांनी कायदा मोडायला आपल्याकडचाच कायदा शोधला, जंगलाचा. राखीव जंगलातलं गवतसुद्धा परवानगीशिवाय कापता येत नव्हतं, आणि गवत म्हणजे बैलांचा चारा. बैल म्हणजे शेती. म्हणून विळे घेऊन गवत कापायचं आणि तुरुंगात जायचं, असा हा 'जंगल सत्याग्रह'. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला तो केला. त्याच महिन्यात, २१ तारखेला, संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार यांनी याच लोहाऱ्याच्या जंगलात सत्याग्रह करून अटक करून घेतली. पुढे ज्यांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या, अशा लोकांनी एकाच महिन्यात एकाच जिल्ह्यात गवत कापलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

बापूजी अणे मूळचे वणीचे, वकिली यवतमाळात. पुढे बिहारचे राज्यपाल झाले. टिळकांवर त्यांनी संस्कृतमध्ये महाकाव्य लिहिलं आणि त्याला त्यांच्या मृत्यूनंतर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९१८ च्या सुमारास त्यांनी यवतमाळातून 'लोकमत' नावाचं साप्ताहिक सुरू केलं. हो, तेच नाव. टिळकांनी सुचवलेलं!

दुसरा थांबा: साहेबांचं यवतमाळ

१८५३ ला निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६४ ला आपला जिल्हा वेगळा झाला. त्याचं नाव थोड्याच काळात 'वणी जिल्हा' (इंग्रजांच्या भाषेत 'वुन') पडलं, कचेरी मात्र यवतमाळात. १९०५ ला पुसद तालुका जोडला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं. वणीकर अजून हे विसरलेले नाहीत :)

याच काळात अमेरिकेतले फ्री मेथडिस्ट मिशनरी वऱ्हाडात आले आणि यवतमाळ त्यांचं केंद्र बनलं. मिशनच्या जुन्या आवारात गेलात तर मोठी झाडं आणि उतरत्या छपरांच्या इमारती दिसतील. १९५३ ला इथेच 'युनियन बिब्लिकल सेमिनरी' सुरू झाली. देशभरातून विद्यार्थी यायचे. १९८३ ला ती संस्था पुण्याला शिफ्ट झाली. म्हणजे पुण्याला शिफ्ट होणारे आम्ही काही पहिले नाही!

तिसरा थांबा: शकुंतला

आता मुख्य पाहुणी. बाकी काही बघितलं नाही तरी चालेल, पण यवतमाळचं जुनं नॅरोगेज स्टेशन आणि त्याचे रूळ बघून घ्या.

त्याआधी थोडी मागची गोष्ट. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तिथून येणारा कापूस आटला. गिरण्यांना दुसरीकडून माल हवा होता आणि वऱ्हाडची काळी माती आयतीच इंग्रजांच्या ताब्यात होती. कापसाचे भाव चढले, ज्वारीच्या शेतात कापूस शिरला. युद्ध १८६५ ला संपलं, भाव उतरले, पण कापूस गेला नाही. १८६७ पर्यंत मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. यवतमाळला जवळचं स्टेशन धामणगाव, अंतर पंचेचाळीसेक किलोमीटर. बैलगाड्या भरभरून कापूस तिकडे जायचा.

कापूस असाच्या असा लांब पाठवणं परवडत नाही. आधी जिनात सरकी वेगळी काढायची, मग उरलेली रुई प्रेसमध्ये दाबून गाठी बांधायच्या. म्हणून यवतमाळात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, त्यांच्या भोवती अडते, दलाल, सावकार, हमाल आले आणि बाजार वाढला. १९०१ ला शहराची वस्ती जेमतेम दहा हजार होती, २०११ च्या जनगणनेत ती सव्वा लाखाच्या आसपास पोचली. या वाढीचं पहिलं इंजिन म्हणजे जिन.

आणि दुसरं इंजिन खरोखरचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अडीच फुटी नॅरोगेज लाइन टाकली. लांबी ११३ किलोमीटर. हीच आपली 'शकुंतला'.

आता नकाशा उघडा आणि जरा इंजिनिअरच्या नजरेने बघा. मेन लाइन गाठायचा सगळ्यात जवळचा रस्ता होता उत्तरेला धामणगाव, पंचेचाळीस किलोमीटर. मग ११३ किलोमीटरचा रूळ पश्चिमेला का टाकला? कारण तो दारव्हा, कारंजा असा कापसाचा पट्टा गोळा करत मुंबईच्या दिशेने जातो. मूर्तिजापूरला गाठी उतरवायच्या, मोठ्या गाडीत चढवायच्या, मुंबई बंदर, तिथून मँचेस्टर. माझ्या मते या लाइनचा खरा 'युजर' कापसाची गाठ होता. माणसं म्हणजे नंतर सापडलेला उपयोग.

गंमत बघा, पुढे या गाडीला लागलेलं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच. १९२१ ला बनलं, १९२३ ला रुळावर आलं आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. सत्तर वर्षं! आपल्या हातातला फोन तीन वर्षांत म्हातारा होतो. १९५१ च्या सुमारास देशातल्या रेल्वे कंपन्या सरकारच्या झाल्या, पण ही लाइन खासगी कंपनीच्याच नावावर राहिली. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने आणि भाडं द्यायचं कंपनीला. स्वतंत्र भारतात साहेबाच्या रुळांवर चालणारी गाडी, म्हणून पेपरवाले अधूनमधून तिच्यावर लिहायचे.

लोकांसाठी मात्र ती गरिबांची गाडी होती. एसटीच्या तिकिटाच्या काही हिश्शात प्रवास. वेग असा की धावत जाऊन पकडावी. शेतमजूर, दूधवाले, माहेरवाशिणी, बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांची शकुंतला. मोजून काही माणसांचा स्टाफ तिकीट देण्यापासून सिग्नलपर्यंत सगळं बघायचा. ज्या गाडीची आखणी कापूस बाहेर न्यायला झाली, ती लोकांनी हळूहळू आपली करून टाकली. आता ती बंद आहे. रूळ ब्रॉडगेज करायची मागणी आहे, घोषणाही झाल्या आहेत.

चौथा थांबा: कळंब

नागपूर रोडवर बाविसेक किलोमीटर. चक्रावती नदीकाठी श्री चिंतामणीचं देऊळ. इथे देवाला भेटायला वर चढायचं नाही, खाली उतरायचं. पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात गाभारा आणि समोर कुंड. गणपती दक्षिणमुखी. काही वर्षांनी कुंडातलं पाणी आपोआप चढतं आणि मूर्तीच्या पायाला लागतं, म्हणजे गंगा भेटायला येते अशी श्रद्धा आहे. गौतमाच्या शापातून सुटायला इंद्राने इथे तप केलं अशी कथा पुजारी सांगतात.

तुम्ही इथे दोन गोष्टी एकत्र बघा. एक, हे अकबराच्या काळातलं सरकारचं (तेव्हाच्या जिल्ह्याचं) ठाणं. दोन, २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्ध्याहून ब्रॉडगेज रेल्वे याच कळंबपर्यंत सुरू झाली. ती पुढे यवतमाळ, पुसद करत नांदेडला जाणारी लाइन आहे. चारशे वर्षांनी कळंबने यवतमाळच्या आधी नंबर लावला. फिट्टंफाट!

वेळ असेल तर

टिपेश्वर अभयारण्य, पांढरकवड्याजवळ, १४८ चौरस किलोमीटर. पावसाळ्यात बंद असतं. इथल्याच एका तरुण वाघाने २०१९ मध्ये जोडीदार आणि जागा शोधत जिल्हेच्या जिल्हे पालथे घालून बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य गाठलं. नोकरीसाठी इतकं लांब आम्हीही गेलो नाही. पांढरकवड्याच्या परिसरातच एप्रिल १८१८ मध्ये पळत्या दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. पैनगंगेवर उमरखेडकडे सहस्रकुंडचा धबधबा, तो पावसाळ्यानंतर लगेच बघावा. खाण्याचं म्हणाल तर तर्री-पोहे, आलूबोंडा-रस्सा, पाटवडी. आणि हॉटेलवाल्याने "सांबार टाकू का?" विचारलं तर घाबरू नका, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.

आणि तो तिसरा प्रश्न

"ते आत्महत्यांचं यवतमाळ?" हा प्रश्न टाळून गाईड पूर्ण होणार नाही. १९ मार्च १९८६ ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने कर्जापायी बायको-मुलांसह जीवन संपवलं. राज्यातली पहिली नोंदली गेलेली शेतकरी आत्महत्या म्हणून ती सांगितली जाते. २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. आणि याच जिल्ह्यातल्या गहुली या छोट्या गावाने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक. वसंतरावांच्याच काळात, १९७२ ला, कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. २००० नंतर काही वर्षांतच ती गुंडाळली गेली.

जानेवारी २०१९ ला यवतमाळात ९२ वं साहित्य संमेलन झालं (याआधीचं इथलं संमेलन १९७३ चं, अध्यक्ष गदिमा). निमंत्रण रद्द करण्यावरून मोठा वाद झाला, आणि शेवटी उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या विधवा पत्नीने. त्या दिवशी व्यासपीठावरून कापूस पिकवणाऱ्या घराचा आवाज आला. शहराने आपली खरी ओळख लपवली नाही, असं मला तेव्हा वाटलं.

शकुंतलेचे रूळ, जिनांची जुनी आवारं आणि चिलगव्हाण ही एकाच गोष्टीची पानं आहेत. माल इथे पिकतो, गाठ इथे बांधली जाते, आणि भाव दुसरीकडे ठरतो. १८६१ ला तो मँचेस्टरसाठी ठरत होता, आजही तो शेतकऱ्याच्या हातात नाही. वर्तमानपत्रातली बातमी वाचून हे कळत नाही. अडीच फुटी रुळाशेजारी उभं राहून तो कुठून कुठे जातो हे बघितलं की कळतं.

ब्रॉडगेज यायलाच हवी, त्यात वाद नाही. नर्मविनोदी आठवणींसाठी लोकांनी कायम हळू गाडीतच बसावं असं म्हणायचा हक्क शहर सोडून गेलेल्या आमच्यासारख्यांना तर अजिबात नाही. पण नवे रूळ टाकताना जुन्याचा एखादा तुकडा, एक डबा, एक तिकीटखिडकी यवतमाळात जपून ठेवता येईल. नाहीतर उद्या आमचीच पोरं म्हणतील, "तिथे बघायला काही नाही," आणि तेव्हा ते खरं असेल.

यायचं तर ऑक्टोबर ते डिसेंबर या. वेचणी चालू असते, रस्त्यावर कापसाने उतू जाणाऱ्या गाड्या दिसतात. वर्धा किंवा धामणगावपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. धामणगावहून येताना खिडकीतून रस्ता नीट बघा. दीडशे वर्षांपूर्वी याच वाटेने आमचा कापूस उलट्या दिशेने जात होता.