ऑप्टिकल डिस्कवरील बॅकअप

ऑप्टिकल डिस्कवरील बॅकअप : संगणकातील संपूर्ण प्रणाली किंवा तिचा मोठा भाग कमांड लाइनवरून सीडी, डीव्हीडी वा ब्ल्यू-रे डिस्कवर उतरवून ठेवण्याची पद्धत. लिनक्स व अन्य युनिक्सवर्गीय प्रणालींत हे काम लहान लहान कमांड एकमेकींना जोडून होते. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) आलेली ‘टार’ फायली त्यांच्या मालकी-परवानग्यांसह एका सलग प्रवाहात गुंफते, ‘जीझिप’ तो कॉम्प्रेस करते, ‘स्प्लिट’ त्याचे तुकडे पाडते आणि ‘ग्रोआयएसओएफएस’ किंवा ‘झोरिसो’ ते डिस्कवर बर्न करते. तुकड्याचे माप ठरवताना पहिली ठेच लागते. एकपदरी डीव्हीडीवर छापलेले ४.७ जीबी हे दशमान पद्धतीचे असतात; स्प्लिटचा ‘जी’ मात्र १०२४च्या पटीत मोजतो, आणि त्या हिशेबाने डीव्हीडीत जेमतेम ४.३८ मावतात. शिवाय आयएसओ ९६६० या फाइलव्यवस्थेच्या पहिल्या दोन पातळ्यांवर एक फाइल याच मोजणीने ४ जीबीच्या आतच असावी लागते. म्हणून तुकडा ४०९५ एमबीचा ठेवणे सोयीचे.

जागेचा प्रश्न असा सुटला, तरी मोठ्या बॅकअपचा खरा धोका तुकड्यांच्या परस्परावलंबनात आहे. कॉम्प्रेस केल्यावर उरलेल्या १०० जीबी (दशमान) बॅकअपला वरील मापाने २४ डीव्हीडी लागतात. प्रत्येक डिस्क वाचली जाण्याची शक्यता ९९ टक्के धरली, तरी सगळ्याच्या सगळ्या वाचल्या जाण्याची शक्यता सुमारे ७९ टक्क्यांवर येते. जीझिपचा प्रवाह सलग असल्याने दहावी डिस्क गेली, की पुढच्या चौदा धडधाकट असूनही सरळ मार्गाने उलगडत नाहीत. एका डिस्कचे दुखणे दुसरीला लागणार नाही, अशी विभागणी करणे हाच यावरचा उपाय. ‘डार’ हे साधन प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे कॉम्प्रेस करते आणि सगळ्या फायलींची सूची वेगळी काढून हार्ड डिस्कवर ठेवता येते; त्यामुळे नुकसान बिघडलेल्या डिस्कवरील फायलींपुरतेच राहते.

‘पार२’ या साधनाने दुरुस्तीची जादा माहिती तयार करता येत असताना ही यातायात कशाला, असा आक्षेप येतो. तो अर्धाच खरा आहे. चार डिस्कइतकी जादा माहिती चार गहाळ डिस्क भरून काढते. पाचवी गेली, की सलग प्रवाह पुन्हा तुटतो. दुरुस्तीची माहिती विभागणीला पूरक ठरते, तिची जागा घेत नाही. हार्ड डिस्क स्वस्त असताना डिस्कचा ढीग कशाला, हा दुसरा आक्षेप. रोजच्या बॅकअपसाठी तो मान्यच करावा लागतो. मात्र जोडलेली हार्ड डिस्क खंडणीखोर व्हायरस पुन्हा लिहू शकतो. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवरचा जुना मजकूर त्याला बदलता येत नाही. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्ल्यू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले, तेव्हा हे माध्यम अस्ताला चालले आहे, हा तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. त्याचा अर्थ इतकाच, की डिस्कबरोबर चालू स्थितीतला ड्राइव्हही जपावा लागेल आणि मजकूर ठरावीक काळाने नव्या माध्यमावर हलवावा लागेल.

पडताळणीही प्रत्येक डिस्कची स्वतंत्रपणे करावी लागते. बर्न झाल्यावर डिस्क एकदा बाहेर काढून पुन्हा घालावी, म्हणजे मेमरीत राहिलेली प्रत वाचली जाण्याची फसगत टळते. मग ‘एसएचए२५६सम’ या कमांडने मूळ फायलींशी मेळ घालावा. मुळात डिस्कची संख्या कमी राखणे हीच सर्वांत मोठी सुरक्षितता. पॅकेजमधून पुन्हा बसवता येणारे प्रोग्रॅम साठवण्याऐवजी त्यांची यादी ठेवावी, आणि डिस्क सेटिंगच्या फायली, कागदपत्रे, छायाचित्रे अशा दुसरीकडून न मिळणाऱ्या ऐवजासाठी राखाव्यात.