हजार धाग्यांची भाषा

मंडळी, खाप्यातल्या माणसाला ताणा-बाणा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कन्हान नदीकाठचं आमचं गाव, आणि हातमागाचा धंदा इथला जुना. उभे धागे तो ताणा, आडवे तो बाणा. आता गंमत बघा! संगणकात चित्रं रंगवण्यासाठी जो वेगळा प्रोसेसर असतो, ज्याला जीपीयू म्हणतात, त्याच्या एन्व्हिडिया कंपनीच्या परिभाषेत ३२ धाग्यांच्या जुडीला 'वॉर्प' म्हणतात. वॉर्प म्हणजे आपला ताणाच. हा शब्द विणकामातूनच उचललेला आहे. हे धागे सुताचे नाहीत, कामाचे आहेत. एक हुकूम सुटला की जुडीतले सगळे धागे तेच काम करतात, फक्त प्रत्येकाच्या हातातला आकडा वेगळा.

पण हजारो हातांना एकदम काम सांगायचं कसं? या प्रश्नाचा इतिहास आपल्या महाराष्ट्रातूनही जातो.

१९८०च्या दशकात आपल्याला अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा होता. सगळ्यात ताकदीचं यंत्र त्यांनी दिलं नाही, हवामानाच्या कामापुरतं लहान दिलं. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. तिची धुरा होती डॉ. विजय भटकरांकडे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, म्हणजे आपल्या वऱ्हाडातलेच! १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. त्यात एकच अतिवेगवान प्रोसेसर नव्हता. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या बऱ्याच चिपा एकमेकींना जोडल्या होत्या.

चिपा विकत मिळाल्या, पण नुसत्या जोडून भागत नाही. कोणी काय करायचं, कोणी कोणासाठी थांबायचं, हे सांगणारी भाषा लागते. ट्रान्सप्युटरची अशी भाषा होती ऑकम. 'हे एकामागून एक करा' आणि 'हे एकाच वेळी करा' यासाठी तिच्यात दोन वेगळे शब्दच होते. सी-डॅकने प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी 'पारस' नावाची आपली साधनंही तयार केली. मला परमच्या गोष्टीतला हाच भाग मोठा वाटतो.

पुढे २००० नंतर शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की खेळांसाठी बनलेले जीपीयू आकडेमोडीलाही फार चांगले आहेत. पण त्यांना चित्रांखेरीज काही कळत नसे. मग गणिताला चित्राचं सोंग द्यावं लागे! २००४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात इयन बक आणि सहकाऱ्यांनी 'ब्रुक' ही भाषा मांडली, आणि सोंगाची गरज संपू लागली. बक पुढे एन्व्हिडियात गेले, आणि २००७ मध्ये त्या कंपनीची 'कुडा' बाहेर आली. कुडा झकास चालली, पण ती त्याच कंपनीच्या चिपांसाठी. २००८च्या अखेरीस 'ओपनसीएल' हा सर्वांसाठी खुला नमुना आला. २०२१ मध्ये ओपनएआयने 'ट्रायटन' खुली केली. तिच्यात कामाचे मोठे तुकडे सांगायचे, धाग्यांची वाटणी ती स्वतः करते.

माझी नात पुण्यात याच क्षेत्रात आहे. तिला विचारलं, "तयार भाषा उतरवून घेता येते, मग मुळापासून बांधतेस कशाला?" ती म्हणाली, "आजोबा, तयार घेतली तर वापरता येते. बांधली तर बदलता येते."

बांधणं म्हणजे काय, तर आधी भाषेचा मूळ मजकूर उतरवून घ्यायचा. तिच्या पोटात एलएलव्हीएम नावाचा दुभाष्या असतो. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २००० साली क्रिस लॅटनर यांनी प्रा. विक्रम आडवे यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचं काम सुरू केलं. या दुभाष्याची नेमकी ठरलेलीच आवृत्ती लागते. जीपीयूचा ड्रायव्हरही जुळावा लागतो. एक जरी बेमेळ निघालं, तरी सगळं अडतं. ताणा लावताना एक धागा चुकीच्या जागी ओवला की पुढचं कापड बिघडतं, तसंच हे.

२०२० साली सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला. त्यातले जीपीयू एन्व्हिडियाचे. म्हणजे चिपा १९९१ मध्येही परदेशी होत्या, आणि इथेही परदेशीच. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. काळजी वाटते ती भाषेची. बंद भाषा आपण नुसती वापरतो. ज्या दिवशी देणारा नाही म्हणेल, त्या दिवशी आपण पुन्हा क्रेच्या दारात उभे. खुली भाषा मात्र उघडून वाचता येते, बांधता येते, दुसऱ्या यंत्रासाठी वळवता येते. फक्त ते शिकण्याची चिकाटी हवी.

असो. आमच्या खाप्यातली मुलंही आता संगणक शिकायला नागपूर-पुण्याला जातात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की भाषा नुसती वापरू नका, एकदा तरी बांधून बघा. तुमच्यापैकी कुणी बांधली असेल, तर काय काय अडलं ते जरूर लिहा. वाचायला आवडेल.